निरवानिरव

शेफिल्ड. रात्रीचे पावणेतीन.
तळघरात साडेसहाशे टाक्या आणि एकच पंप,
त्याची घरघर वडिलांच्या छातीसारखी.
एवढं मात्र इल्हाम कुणाला बोललेली नाही.

तीन दिवसांचं माशाचं पिल्लू,
पापणीच्या केसाएवढं, काचेसारखं आरपार.
शेपटीला तिनं पात्याचं टोक लावलं.
गुंगीच्या औषधात ते हललंही नाही.

मग हिरवे ठिपके येतात.
आग लागल्यावर गल्ली धावते तसे,
हाताला लागेल ते घेऊन:
विष, आम्ल, स्वतःच्याच पोटातली जाळी.
सहा तासांत शेपटीशी नुसती झुंबड.
सूज म्हणतो ती हीच.
तिच्या मनात काही वाईट नसतं,
फक्त थांबायचं कधी ते तिला सांगावं लागतं.

आग विझल्यावर काय होतं,
इल्हाम त्यासाठी जागी आहे.

एक हिरवा ठिपका आक्रसतो.
आतला दोरा आपणच कापतो,
तुकड्यांची गाठोडी बांधतो,
आणि कातडीची आतली बाजू बाहेर करतो,
उसवलेल्या कोटाचं अस्तर दिसावं तशी.
खूण एवढीच: माझं झालं, मला उचला.
एक थेंब सांडत नाही.
'जातो' न म्हणता 'येतो' म्हणून निघावं,
इतकं हळू.

मग लाल येते.
पंगत उठल्यावर येणाऱ्या बाईसारखी,
घाई नाही, तोंडानं काही नाही,
त्याच्याभोवती हात लपेटते आणि अख्खा गिळते.
आणि गिळल्यावर
(चार वर्षं झाली, इल्हामला अजून नवल वाटतं)
तीच बदलते. तिखट बोलणं सोडते,
आजूबाजूला सांगते, बास आता, घरी जा.
काही हिरवे खरंच उलट पावली फिरतात,
आल्या वाटेनं, जिवंत.
तिसऱ्या दिवशी शेपटी पुरती. वणसुद्धा नाही.

कासिम मुथन्ना, वय एक्याऐंशी, ॲटरक्लिफ.
येमेनच्या डोंगरातून आले एकोणिसाव्या वर्षी,
सत्तावीस वर्षं वितळत्या पोलादावरची मळी ओढली,
आणि मशिदीतल्या मयतांना आंघोळ घातली, बिनपगारी.
आता नाकात नळी, खिडकीत खुर्ची.
छातीत हिरवे येतात ते येतातच.
मरतात, कुणी उचलत नाही, फुटतात,
सांडलेलं विझवायला आणखी येतात.

रविवारी इल्हामनं फोनवर चित्रफीत दाखवली.
त्यांनी तीनदा पाहिली, चष्मा पुसून पुन्हा एकदा.
"ही लाल कोण?"
तिनं सांगितलं.
"पगार किती देता हिला?"
दोघं हसले; त्यांचं हसणं खोकल्यात गेलं,
खोकला संपायला वेळ लागला.

"मळी वेळेवर ओढली नाही," ते म्हणाले,
"की ती आत शिरते. अख्खा घाण वाया.
फोरमन स्टॅनिफर्थ मग तीन दिवस बोलायचा नाही."
मग बराच वेळ पडद्याकडे बघत:
"आम्ही उजवी बाजू आधी धुतो.
पाणी फार गरम नको, फार गार नको,
जिवंत माणसाला चालेल असं.
हिला कुणी शिकवलं?"

इल्हामकडे उत्तर होतं, रेणूंच्या नावांसकट.
दिलं नाही.

"माझ्यात ही नाही का?"
"आहे."
"मग?"
"धूर खूप खाल्लाय तिनं. थकलीय."
त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटं टेकली,
शिफ्ट संपल्यावर हातमोजे ठेवावेत तशी.
"मग बसायला सांग तिला," म्हणाले,
"चहा वगैरे दे."

सोमवार. पावणेतीन.
दुसरं पिल्लू, दुसरी शेपटी.
एक हिरवा ठिपका केव्हाचा अस्तर दाखवत पडलाय,
कुणी आलेलं नाही.
इल्हाम वहीत वेळ टिपते.
पंप घरघरतो.
ती खुर्ची पुढे ओढते.